वर्गणीदार की भाडेकरू?

१

आपल्याकडे तक्रारींनाही वर्ग असतो. पाणी आले नाही, रेशन मिळाले नाही, शिष्यवृत्ती अडकली, ही तक्रार मोर्चातून मांडली जाते. नेटफ्लिक्सवर पाहण्यासारखे काही उरले नाही, ॲमेझॉनने पैसे घेऊनही जाहिराती सुरू केल्या, क्रिकेटसाठी आणखी एक ॲप घ्यावे लागले, ही तक्रार दिवाणखान्यात बसून केली जाते, आणि चळवळीतला कार्यकर्ता ती ऐकून हसतो. त्याचे हसणे समजण्यासारखे आहे. ज्याच्या वस्तीत अजूनही स्मशानाची वाट अडवली जाते, त्याने कोणाचा सिनेमा मध्येच थांबला म्हणून हळहळावे कशासाठी?

तरीही या त्रैमासिकाच्या वाचकांपुढे हा विषय मी मुद्दाम मांडतो आहे. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी मराठी शिकवतो. माझ्या वर्गातली बहुतेक मुले त्यांच्या घरातली पहिली पदवीधर होतील, जसा माझ्या घरातला मी झालो. त्यांच्या घरी पुस्तकांचे कपाट नाही. फोन मात्र आहे. जग त्यांना या फोनमधूनच दिसते, आणि या फोनमधल्या दृश्यसेवांविषयी त्यांची चीड मी रोज ऐकतो. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत ही चीड ग्राहकाची अडचण म्हणून येते: ॲप फार झाली, निवड करता येत नाही, खर्च वाढला. हे सर्व खरे आहे, पण अपुरे आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, या सेवा प्रेक्षकाकडून वर्गणी घेतात आणि वर्गणीदाराचा एकही हक्क त्याला देत नाहीत. त्याच्या चिडीचे मूळ येथे आहे. आणि ज्या समाजाने आपली वृत्तपत्रे, आपली विहारे आणि आपल्या जयंत्या वर्गणीवर उभ्या केल्या, त्याला हा फरक इतरांपेक्षा लवकर कळायला हवा.

२

प्रथम चीड नेमकी कशाची आहे ते पाहू. दर हे तिचे एकमेव कारण मानले तर हिशेब जुळत नाही. नेटफ्लिक्स जानेवारी २०१६ मध्ये भारतात आली तेव्हा तिचा सर्वांत खालचा दर महिना ५०० रुपये होता. २०१९ मध्ये केवळ मोबाइलपुरता १९९ रुपयांचा दर आला. डिसेंबर २०२१ मध्ये तो १४९ वर उतरला आणि त्याच वेळी टीव्हीवर पाहता येणारा सर्वांत खालचा दर ४९९ वरून १९९ झाला. म्हणजे येथे भाव उतरला, तरी चीड वाढली.

तिचे पहिले कारण विखुरलेपणात आहे. २०१५ मध्ये हॉटस्टार, २०१६ अखेर ॲमेझॉन प्राइम व्हिडिओ, २०१८ मध्ये झी५, अशी एकेक दुकाने उघडत गेली आणि प्रत्येकाने थोडा थोडा माल आपल्या फळीवर मांडला. केबलवाल्याला महिन्याला एकदा पैसे दिले की बरेवाईट सगळे एका तारेतून येत असे. आता एक सिनेमा या दारात, दुसरा त्या दारात, आणि प्रत्येक दारात वेगळा दाम. शिवाय माल एका दुकानात टिकत नाही. अमेरिकेच्या एचबीओच्या मालिका हॉटस्टारवर होत्या. ३१ मार्च २०२३ नंतर त्या तेथून गेल्या आणि जिओसिनेमावर आल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये या दोन्ही सेवा एक होऊन जिओहॉटस्टार झाली, तेव्हा त्या जुन्याच वाड्यात नव्या मालकासह परतल्या. आयपीएलचेही तसेच. २०२२ पर्यंत ते सामने हॉटस्टारवर वर्गणी भरून पाहावे लागत. २०२३ मध्ये जिओसिनेमाने ते फुकट दाखवले. २०२५ मध्ये जिओहॉटस्टारवर थोडा वेळ फुकट, आणि पुढे वर्गणी किंवा ठरावीक रिचार्ज. आधी फुकटाची गोडी लावायची आणि माणूस रुळला की दाराशी बसून पैसे मोजायचे, ही रीत गावातल्या दारूवाल्यालाही माहीत असते.

दुसरे कारण पैसे भरल्यानंतरची जाहिरात. १७ जून २०२५ पासून ॲमेझॉनने भारतातील प्राइम व्हिडिओवर जाहिराती सुरू केल्या. वर्षाला १४९९ रुपये भरलेला माणूसही त्यातून सुटला नाही. जाहिरात नको असेल तर वर्षाला आणखी ६९९ रुपये भरावेत, असे त्याला सांगण्यात आले. वर्षभराचे पैसे भरून बसलेल्या माणसाला वर्षाच्या मध्येच नवी अट कळवली गेली.

तिसरे कारण बाहेर पडण्याच्या वाटेत आहे. एका सेवेत शिरायला मला दोन मिनिटे लागली. तिच्यातून बाहेर पडण्याचे बटण शोधण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. हा एकट्याचा अनुभव नव्हे. केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला फसवणाऱ्या १३ छुप्या पद्धतींची यादी नियमावलीत घातली, तीत वर्गणीच्या सापळ्याला स्वतंत्र जागा द्यावी लागली. आत येणे सोपे आणि बाहेर पडणे अवघड अशी जी रचना, तिला सापळा हेच नाव सरकारनेही दिले.

या तिन्ही गोष्टींचे सूत्र एकच आहे. पैसे आधी घेतले जातात, आणि त्या पैशांत काय मिळणार हे नंतर घेणारा ठरवतो. आपल्या आज्यापणज्यांना हा व्यवहार परिचित होता. सकाळी मजुरी ठरवून कामाला लावायचे आणि संध्याकाळी धान्य मोजताना मापटेच बदलायचे. पोट भरत नाही याचे दुःख वेगळे आणि माप बदलले याचा संताप वेगळा. दृश्यसेवांच्या प्रेक्षकाचा संताप हा बदललेल्या मापाचा संताप आहे. उपासमारीशी त्याची बरोबरी मी करत नाही. अन्यायाच्या रीतीतले साम्य मात्र नजरेआड करू नये.

३

या व्यवहाराला इंग्रजीत सबस्क्रिप्शन म्हणतात आणि मराठीत आपण त्याला वर्गणी म्हणतो. मराठीत, आणि विशेषतः आपल्या वस्त्यांच्या मराठीत, या शब्दाला वजन आहे.

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढले. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ तयार झाला नाही, हा इतिहास आपल्याला पाठ आहे. ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले आणि पैशांच्या टंचाईतच १९२९ मध्ये थांबले. या पत्राच्या ऋणाविषयी बाबासाहेबांना स्वतः अग्रलेख लिहावा लागला. ही पत्रे वर्गणीदारांच्या बळावर उभी होती आणि वर्गणीदार फार थोडे होते. पण त्यांचे वाचक वर्गणीदारांपेक्षा कितीतरी अधिक होते. एका माणसाने पैसे भरावेत, एका लिहित्यावाचत्या पोराने दिव्याखाली अंक मोठ्याने वाचावा आणि अक्षर न ओळखणाऱ्या वस्तीने तो ऐकावा, असा तो व्यवहार होता. पैसे न भरणाऱ्या त्या श्रोत्यांना कोणी चोर म्हटले नाही. उलट, ते ऐकत होते म्हणूनच पत्र काढण्याला अर्थ होता.

हीच गोष्ट जयंतीच्या वर्गणीची. जो पाचशे देतो आणि जो दहा देतो, दोघेही एकाच मंडपात बसतात. ज्याला काहीच देता येत नाही तो खड्डे खणतो, पताका बांधतो, आणि त्याचा हक्क कमी होत नाही. दुसऱ्या दिवशी हिशेब वाचला जातो तेव्हा दहा रुपये देणाराही उठून विचारू शकतो की, लाउडस्पीकरवर एवढे का गेले? माझ्या लहानपणी वस्तीत वर्गणी काढून टीव्ही आणि सीडीचे यंत्र भाड्याने आणत. रात्रभर तीन सिनेमे चालत. पहिला बाबासाहेबांवरचा, मग एखादा मारामारीचा, आणि पहाटे कोणी जागे असेल तर तिसरा. मागच्या गल्लीतली माणसे उभ्याने बघत. त्यांच्याकडे कोणी पावती मागितली नाही.

या परंपरेतून वर्गणीचे तीन हक्क दिसतात. घेतलेली वस्तू जवळ ठेवण्याचा, ती दुसऱ्याला देण्याचा आणि हिशेब विचारण्याचा. आपल्या हातातला हा अंकसुद्धा या तिन्ही हक्कांसह तुमच्याकडे येतो. तो तुम्ही दहा वर्षे जपू शकता, वसतिगृहातल्या मित्राला देऊ शकता, आणि संपादकांना खरमरीत पत्र लिहू शकता.

आता दृश्यसेवेची वर्गणी तपासा. जवळ काहीच राहत नाही. ज्या दिवशी पैसे थांबले त्या दिवशी पाच वर्षांचा वर्गणीदार आणि कालचा परका सारखेच. दुसऱ्याला देण्याची सोय नाही, हे पुढे पाहू. हिशेब विचारण्याची जागाच नाही. कोणता सिनेमा का आला, का गेला, मराठीतले एवढे थोडे का, याचे उत्तर देणारे माणूस प्रेक्षकाला कधी भेटत नाही. अशा माणसाला वर्गणीदार म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे. तो भाडेकरू आहे. मुंबईच्या चाळीतल्या जुन्या भाडेकरूला निदान कायद्याचा आधार असतो, खोली रिकामी करायला सांगण्यापूर्वी मालकाला न्यायालयाची पायरी चढावी लागते. याला तेवढाही नाही.

४

या सेवांना गरीब माणूस कसा दिसतो हे पाहायचे असेल तर त्यांचे दोन नियम वाचावेत.

पहिला नियम घराचा. पासवर्ड वाटून घेणे म्हणजे प्रेम, अशा अर्थाचे ट्वीट नेटफ्लिक्सने २०१७ साली केले होते. २० जुलै २०२३ पासून भारतात तिने जाहीर केले की, एक खाते हे एकाच घरासाठी आहे. घर म्हणजे काय, याची व्याख्याही तिने दिली आहे. जेथे तुम्ही मुख्यतः पाहता त्या ठिकाणच्या इंटरनेटला जोडलेल्या उपकरणांचा संच म्हणजे घर. या व्याख्येत माणसे कोठेच नाहीत.

ज्यांचे कुटुंब एका छताखाली, एका वायफायच्या कक्षेत राहते त्यांना ही व्याख्या सोयीची आहे. आपली कुटुंबे कशी राहतात? आई गावात, थोरला भाऊ चाकणच्या कारखान्यात कंत्राटावर, बहीण समाजकल्याणच्या वसतिगृहात, वडील दिवाळीनंतर सहा महिने ऊसतोडीला साखरपट्ट्यात. हे एक घर आहे. पगार एकत्र होतो, दुखणे एकत्र सोसले जाते, मुलीच्या फीचे पैसे तीन जिल्ह्यांतून येतात. पण त्याला एक छत नाही, म्हणून कंपनीच्या लेखी ते घर नाही. माझ्या वर्गातल्या चार मुलांनी मिळून एका सेवेचे पैसे भरले होते, प्रत्येकाचा वाटा ठरलेला होता. एके दिवशी पडद्यावर सूचना आली की, हे तुमचे घर दिसत नाही. मुलांनी ते हसण्यावारी नेले. मला हसू आले नाही. भाड्याची खोली शोधताना आडनाव विचारून दार लावणाऱ्या शहरात ही मुले राहतात. तुमचे घर हे घर नव्हे, हे त्यांना यंत्रानेही सांगावे, यातली क्रूरता हेतुपूर्वक केलेली नसेल. पण ज्याने नियम लिहिला त्याच्या डोळ्यांपुढे कोणाचे घर होते, हे तीतून स्वच्छ कळते.

दुसरा नियम मोबाइलचा. १४९ रुपयांत पाहायचे तर एका वेळी एकाच पडद्यावर, आणि तो पडदा मोबाइलचा किंवा टॅब्लेटचा असला पाहिजे. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टारनेही तीन महिन्यांना १४९ रुपयांचा मोबाइलपुरता दर ठेवला, जाहिरातींसह. गरिबाला परवडावे म्हणून ही सोय केली असे सांगितले जाते, आणि ते अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे असे की, गरिबाने कसे पाहावे हेही येथे ठरवले गेले. त्याने लहान पडद्यावर पाहावे आणि एकट्याने पाहावे. भिंतीवर पडदा लावून, टीव्हीभोवती गोळा होऊन, चार जणांनी मध्येच थांबवून वाद घालत पाहायचे असेल तर वरचा दर. आपल्या समाजात नाटक, जलसा, सिनेमा ही कधीच एकट्याने घ्यायची वस्तू नव्हती. आंबेडकरी जलशाचा शाहीर एका श्रोत्यासमोर उभा राहिला नाही. समूहाने पाहिले की समूहाने बोलणे होते, आणि बोलण्यातूनच जाणीव घडते. स्वस्तातल्या दराने आपल्याला सिनेमा दिला आणि सिनेमाभोवतीचे बोलणे काढून घेतले.

५

शिक्षक म्हणून माझी अडचण आणखी वेगळी आहे. समीक्षेला स्थिर संहिता लागते. कादंबरी शिकवताना मी पान सांगतो आणि चाळीस मुले तेच पान उघडतात. पुढच्या वर्षीही ते पान तेथेच असते. ‘फँड्री’तल्या जब्याच्या शेवटच्या दगडाविषयी बोलायचे तर तो दगड मुलांना पुन्हा पुन्हा पाहता आला पाहिजे. साहित्य आणि चित्रपट यांच्या संबंधावर शिकवण्यासाठी एका वर्षी मी एका सेवेवर पाच मराठी चित्रपट हेरून ठेवले होते. पुढच्या जूनमध्ये त्यांतले दोन तेथे नव्हते. का गेले, कोठे गेले, परत येतील का, याची एका ओळीचीही सूचना नव्हती. ग्रंथालयातून पुस्तक हरवले तर ग्रंथपाल नोंद करतो. येथे हरवल्याची नोंदही हरवते.

हे केवळ करार संपल्यामुळे होत नाही. जानेवारी २०२१ मध्ये ‘तांडव’ या मालिकेवर गदारोळ झाला आणि ॲमेझॉनवरील त्या मालिकेतून दृश्ये काढली गेली. ‘अन्नपूर्णी’ या तमिळ चित्रपटात मंदिरातल्या स्वयंपाक्याची ब्राह्मण मुलगी मांस शिजवायला शिकते. तो डिसेंबर २०२३ मध्ये नेटफ्लिक्सवर आला आणि विरोध होताच जानेवारी २०२४ मध्ये उतरवला गेला. दलित मुलीच्या खुनाचा तपास करणाऱ्या महिला शिपायाची कथा सांगणारा संध्या सुरी यांचा ‘संतोष’ २०२५ मध्ये सेन्सॉरमध्ये अडकल्याने चित्रपटगृहात येऊ शकला नाही. १७ ऑक्टोबर २०२५ ला तो लायन्सगेट प्लेवर येणार असे जाहीर झाले, आणि तेथेही आला नाही. या प्रत्येक वेळी पैसे भरलेल्या प्रेक्षकाला कोणी विचारले नाही.

या ठिकाणी १९८७-८८ सालचे ‘रिडल्स’ प्रकरण आठवावे. महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा चौथा खंड प्रसिद्ध केला, त्यातल्या मजकुरावरून वादळ उठले, १९८८ च्या आरंभी खंडाची होळी करण्यात आली आणि सरकार डगमगले. मग मुंबईत आपल्या माणसांचा प्रचंड मोर्चा निघाला, आणि शेवटी शासनाची टीप जोडून तो मजकूर राहिला. तो राहिला याचे श्रेय मोर्चाला आहे. पण एक साधी गोष्टही ध्यानात घ्यावी. खंड छापला गेला होता, लोकांच्या हातांत आणि ग्रंथालयांच्या फळ्यांवर गेला होता. जाळणाऱ्यालाही जाळण्यासाठी एक प्रत मिळवावी लागली, आणि तिच्या शेजारची प्रत शिल्लक राहिली. आजच्या दृश्यसेवेत होळीची गरजच नाही. दूरच्या एका कार्यालयात कोणी कळ दाबली की सर्व घरांतल्या सर्व प्रती एका क्षणी नाहीशा होतात. धूर निघत नाही, म्हणून मोर्चाही निघत नाही.

६

येथे दोन आक्षेप येतील. पहिला असा की, याच सेवांनी आपली चित्रे पडद्यावर आणली, मग त्यांच्यावर एवढा राग का? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. नीरज घेवान यांची ‘गीली पुच्ची’ एप्रिल २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आली. कारखान्यातल्या दलित स्त्रीची बुद्धी, तिची वासना आणि तिचा हिशेबीपणा इतक्या निर्भयपणे हिंदी पडद्याने पूर्वी क्वचितच दाखवला. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘मेड इन हेवन’च्या दुसऱ्या पर्वात त्यांनीच दलित वधूचे बौद्ध पद्धतीचे लग्न दाखवले. २ नोव्हेंबर २०२१ रोजी ‘जय भीम’ थेट ॲमेझॉनवर आला. चित्रपटगृहांचे वितरक या विषयांना किती दारे उघडी ठेवतात हे आपण जाणतो. या सेवांचे हे ऋण नाकारू नये.

पण ही चित्रे आपल्यापर्यंत पोहोचली कशी? त्या बौद्ध लग्नाचे दृश्य माझ्या नात्यागोत्यात अनेकांनी पाहिले, आणि जवळजवळ सर्वांनी ते व्हॉट्सॲपवर आलेल्या दीड-दोन मिनिटांच्या तुकड्यात पाहिले. वधू लग्नापूर्वी कशाशी झगडते, घरच्यांशी काय बोलते, हे त्यांच्यापर्यंत आलेच नाही. ‘जय भीम’ तमिळखेरीज हिंदी, तेलुगू, मल्याळम आणि कन्नडमध्ये आला. ज्या मुलखात हा शब्द अभिवादन म्हणून घडला त्या मुलखाच्या भाषेत आला नाही. आपण पडद्यावर आलो, पण पडद्यासमोरच्या आपल्या जागेची किंमत वेगळी मोजावी लागली. चित्रात जागा मिळणे आणि चित्र पाहण्याचा हक्क मिळणे या दोन गोष्टी आहेत, आणि पहिलीच्या आनंदात दुसरी विसरली जाते.

दुसरा आक्षेप चोरीचा. मुले टेलिग्रामवरून सिनेमे उतरवून घेतात हे सर्वांना ठाऊक आहे. मी त्याचे समर्थन करत नाही. ज्या दिग्दर्शकांनी हाडे झिजवून आपले जग उभे केले, त्यांच्या मेहनतीचे दाम बुडवणे ही चळवळ नव्हे. पण उपदेशाने हा प्रश्न सुटणार नाही. जो सिनेमा कायदेशीर मार्गाने दाखवायला वर्षभर कोणत्याच दारात मिळत नाही, त्याची कोणाकडे तरी राहिलेली चोरटी प्रत हीच त्याची एकमेव जतन केलेली प्रत ठरते. ही लाजिरवाणी स्थिती मुलांनी निर्माण केलेली नाही.

७

मग करायचे काय? वर्गणी बंद करा, असा सोपा सल्ला पुरवण्यांत मिळतो. ज्याच्याकडे पर्याय आहेत त्याने तो जरूर पाळावा. चिडून एक ॲप काढायचे आणि पुढच्या महिन्यात दुसरे घ्यायचे, यातून मात्र भाडेकरू फक्त खोली बदलतो. आपली मागणी सार्वजनिक हक्काची असली पाहिजे, आणि तिच्यासाठी आधार आजही आहेत.

१९५७ च्या प्रताधिकार कायद्याचे कलम ५२ शिक्षणसंस्थेला आपल्या विद्यार्थ्यांपुढे आणि शिक्षकांपुढे चित्रपट दाखवण्याची मुभा देते. दृश्यसेवांच्या अटी मात्र केवळ खाजगी, घरगुती वापराच्या आहेत. नेटफ्लिक्सने आपल्या काही माहितीपटांना वर्गात दाखवण्याची सूट दिली आहे, हे स्वागतार्ह आहे. पण सूट ही मालकाची मर्जी असते. कायदा दाखवण्याचा हक्क देतो आणि दाखवायची प्रत बाजारातून नाहीशी होते. तबकड्यांची दुकाने उठली, आता फक्त भाड्याचा झरोका उरला. म्हणून विद्यापीठांनी आणि ग्रंथालय संघांनी ग्रंथालयांसाठी वेगळ्या, कायम स्वरूपाच्या प्रतीची मागणी केली पाहिजे. १९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले. त्या जाळ्यात पुस्तकाला जागा आहे. चित्रपटाला का नसावी?

त्याहून सरळ मागणी लोकांच्या पैशाची. जब्बार पटेल यांचा २००० सालचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हा चित्रपट सरकारी पैशातून झाला. मराठी चित्रपटांना राज्य शासन अनुदान देते. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. ज्या चित्रपटाने जनतेचे अनुदान घेतले, त्याची एक प्रत काही वर्षांनी प्रत्येक जिल्हा ग्रंथालयात आणि प्रत्येक समाजकल्याण वसतिगृहात पाहायला मिळावी, ही अट अनुदानाच्या नियमांत घालायला कोणाची हरकत असावी? केरळ सरकारने मार्च २०२४ मध्ये ‘सी स्पेस’ नावाची स्वतःची दृश्यसेवा सुरू केली. तेथे महिन्याची वर्गणी नाही. जो चित्रपट पाहाल त्याचेच पैसे, आरंभी एका चित्रपटाला ७५ रुपये. ती आदर्श आहे असे मी म्हणत नाही, पण राज्य सरकार हे करू शकते एवढे तिने सिद्ध केले. प्रसारभारतीनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वेव्हज’ सुरू केली. मराठीसाठी महाराष्ट्राने काय केले, हा प्रश्न विधिमंडळात आणि रस्त्यावर दोन्हीकडे विचारता येतो.

आणि काही आपल्याही हाती आहे. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ वस्त्यांत पडदा लावून दाखवला गेला. तो पाहून माणसे रात्री उशिरापर्यंत रमाबाई नगरच्या ११ जुलै १९९७ च्या गोळीबाराविषयी बोलत बसली, ती एकेकट्या फोनसमोर बोलली नसती. विहारात, वसतिगृहात, महाविद्यालयात महिन्याला एक चित्रपट, निर्मात्याची रीतसर परवानगी घेऊन, वर्गणी काढून आणि वर्गणीतला वाटा त्याला देऊन दाखवणे अशक्य नाही. आपल्यातून आलेल्या नव्या दिग्दर्शकांनीही करार करताना वस्तीत आणि वर्गात दाखवण्याचा हक्क स्वतःकडे राखून ठेवण्याचा आग्रह धरावा. सगळेच हक्क एका सहीने विकले, तर उद्या आपलाच सिनेमा आपल्या आईला दाखवण्यासाठी त्यांनाही कोणाची तरी वर्गणी भरावी लागेल.

वर्गणीला आपला विरोध नाही. शंभर वर्षे आपण ती देत आलो आहोत, पोटाला चिमटा घेऊन देत आलो आहोत. पण जी भरून हाती पावतीखेरीज काही येत नाही, जिचा हिशेब विचारता येत नाही आणि जिच्यातून मिळालेली गोष्ट शेजाऱ्याच्या हातात ठेवता येत नाही, तिला वर्गणी म्हणणे आपण थांबवले पाहिजे. ते भाडे आहे. आणि आपल्याच जगण्याची चित्रे पाहण्यासाठी आपण जन्मभर भाडेकरू म्हणून राहावे, हे मान्य करण्याचे काही कारण मला दिसत नाही.